भार कुठून जातो

ताडकळसच्या शिवारात विहीर पाडायची तर आधी पाणाड्या येतो, मग यारी उभी राहते, मग सुरुंगवाला. या विहिरीवर आणखी एक जण आली होती, मिस्तरींची भाची. मिस्तरी म्हणजे पूर्णा तालुक्यात आणि तिकडे वसमतपर्यंत विहिरी पाडण्यात हयात गेलेला माणूस. भाची भूशास्त्र शिकून सह्याद्रीतल्या एका बोगद्यावर नोकरीला. वाद साधा होता: विहिरीचं बांधकाम कुठवर न्यायचं? मालकाच्या मते मुरूम संपून दगड लागला की सिमेंटवर पैसा घालणं बंद. मिस्तरींचं म्हणणं, अजून खाली, तांबड्या थराच्याही खाली. भाचीनं वहीच्या कागदावर आकडे मांडले आणि ते आकडे मालकाच्या बाजूनं निघाले, तेव्हा खरी गंमत सुरू झाली.

"हे बघा मामा. काळ्या पाषाणाचा एक घनमीटर म्हणजे साधारण २.८ टन. तुमची विहीर चाळीस फूट, म्हणजे बारा मीटर. तळाशी चौरस मीटरला चौतीस टनांच्या आतबाहेर भार. चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलोसुद्धा नाही. हाच पाषाण प्रयोगशाळेत यंत्राखाली दाबला तर चौरस सेंटिमीटरला हजार किलोंच्या बऱ्याच पुढं गेल्यावर फुटतो. बाजूनं येणारा दाब वजनाइतकाच धरला आणि विहिरीच्या कडेला तो दुप्पट झाला, तरी सात किलो. सात किलोनं हा दगड फुटणार कसा?"

"फुटतो कोण म्हणलं? पडतो."

माझ्या मते निम्मा विषय या एका उत्तरात आला. पण भाची अशी सहज हार मानणारी नव्हती आणि तिनं मानूही नये. कारण तिच्या म्हणण्यातही दम होता.

"बरं, पडतो. पण का पडतो हे सांगायला आधी भार कसा वळतो ते बघावं लागेल. अखंड खडकात दाब सगळीकडून चाललेला असतो. मधे पोकळी केली की तिथला दगड जातो, पण त्यानं पेललेला दाब जात नाही. तो पोकळीला वळसा घालून कडेच्या दगडातून जातो. म्हणून कडेला दाटी होते. किर्श नावाच्या जर्मन अभियंत्यानं १८९८ मध्ये गोल भोकासाठी याचं गणित मांडलं, आजही आम्ही तिथूनच सुरुवात करतो. सगळ्या बाजूंनी दाब सारखा असेल तर गोल भोकाच्या कडेला बरोबर दुप्पट. एकाच बाजूनं असेल तर काही ठिकाणी तिप्पट आणि काही ठिकाणी दाब संपून उलट ओढ."

"ओढ म्हणजे?"

"समजा आडवा बोगदा आहे. वरून वजन येतंय, पण बाजूनं दाबणारं फारसं काही नाही. आडवा दाब उभ्या दाबाच्या एक तृतीयांशाहून कमी झाला की छताच्या मध्यावर दगडाला कुणी दाबत नसतं, तो दोन्हीकडं ओढला जातो. दगड दाब पुष्कळ सोसतो, ओढ सोसत नाही. आणि त्यात आधीच भेग असली तर मुळीच नाही."

"मग तुझं गणित भेगेपाशीच येऊन थांबलं की. आमची सुरुवातच तिथून हाय."

मिस्तरींनी मग विहिरीत बोट दाखवून थर वाचायला सुरुवात केली. वर काळी माती, पुरुषभर. तिच्याखाली पिवळसर मुरूम. मग मांजऱ्या, म्हणजे पांढऱ्या-हिरव्या ठिपक्यांचा, टिकावानं खणता येणारा, पाणी धरणारा खडक. त्याच्या खाली हातभर तांबडा थर, गेरूसारखा, ओल्या बोटाला रंग देणारा. आणि त्याखाली काळा पाषाण, उभ्या चिरांनी चौकटी पाडल्यासारखा. सकाळचं ऊन तांबड्या थरावर पडलं होतं. त्याचा एक भाग वाळून पापुद्रे सुटले होते आणि खाली पाषाणाच्या पायरीवर लाल भुकटीची छोटी रास जमली होती. सुरुंग उडवून फार काळही झाला नव्हता.

"हे बघ," मिस्तरी म्हणाले. "पाषाण कुठं जात न्हाई. मांजऱ्या पण दोन-चार वर्सं दम धरतो. हा मधला तांबडा पयल्या पावसाळ्यात फुगतो, मग पाणी उपसलं की वाळतो, भुगा होऊन गळतो. आत खोबण पडली की वरचा मांजऱ्या अधांतरी. मग एखाद्या रात्री धप्पकन. तुझ्या सात किलोचा त्यात काही दोष न्हाई."

भाची खाली वाकून बराच वेळ तो थर बघत होती. मग म्हणाली, "आमच्याकडं याला रेड बोल म्हणतात. लाव्हाचा एक थर थंड झाला, त्याच्यावर दुसरा येईपर्यंत मधे काळ गेला, वरचा भाग कुजून त्याची माती झाली, मग नव्या लाव्हानं ती भाजली. आपला दख्खनचा सगळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, असाच एकावर एक थर पडून झालेला. बोगद्यात असा तांबडा थर छताच्या थोडा वर आला तर आमचीही झोप उडते. पण कारण तुम्ही सांगता तेवढंच नाही. तो मऊ आहे, म्हणून दाब त्याच्यातून जायला बघत नाही. दाब कडक दगडाकडं सरकतो. म्हणजे त्याच्या वरच्या आणि खालच्या पाषाणावर जास्त भार, आणि छताच्या वर उरलेली पाषाणाची पट्टी वरच्या खडकापासून सुटी. तिला मग स्वतःचं वजन एकटीनं तोलावं लागतं, तुळईसारखं."

"बैलजोडीत एक तरणा आन् एक म्हातारा जुपला तर जू तरण्याच्याच मानेवर येतं. त्यात काय शिकायचं?"

भाची हसली. "बस्स. याच्यासाठी आम्ही चार वर्षं घालवतो."

मला इथं थोडं मधे बोलावंसं वाटतं. खडकाच्या ताकदीबद्दल आपल्याकडे एक भाबडा समज आहे: दगड जितका टणक तितकी पोकळी सुरक्षित. टणक दगड दाब स्वतःकडे ओढून घेतो हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. खडकात उभ्या भिंतीसारखी घुसलेली डाइक असेल, तर शेजारच्या खडकापेक्षा ती कडक असल्यामुळे आजूबाजूचा भार तिच्यात साठतो. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत हे फार महागात पडलं. चँपियन रीफ खाण तीन किलोमीटरहून खोल गेली होती. तिथे एवढा दाब की दगड नुसता पडत नसे, सुरुंगासारखा उडत असे. अशा खडकस्फोटांनी अनेक कामगार गेले, आणि डाइकच्या आसपास धोका विशेष. ती खाण २००१ मध्ये बंद झाली. मिस्तरींचा 'पडतो' तिथे लागू नाही; तिथे खरोखर फुटतो.

भाचीनं हेच धरलं. "मामा, तुमचा नियम चाळीस फुटांचा आहे. तीन किलोमीटरला नुसत्या वजनानं चौरस सेंटिमीटरला साडेआठशे किलोंच्या आसपास भार होतो. कडेला तो दुप्पट-तिप्पट झाला की चांगला पाषाणही हरतो. तिथं दगडाची जात बघून भागत नाही, दाब मोजावाच लागतो."

"आन् मोजता कसा? वजनकाटा लावता दगडाला?"

"जवळपास तसंच. बोअर घ्यायचा, त्याच्या तळाशी बारीक भोक पाडून त्यात मोजणारी पट्टी चिकटवायची. मग तिच्याभोवती मोठ्या गोल बिटनं दगड कापत जायचं. कापला गेला की तो दगड मोकळा होतो आणि केसाहून कमी, पण मोजता येईल इतका फुगतो. जितका फुगला तितका तो दाबलेला होता. दुसरी पद्धत पाण्याची. बोअरचा तुकडा बंद करून पाण्याचा दाब वाढवत न्यायचा, दगड चिरेपर्यंत. चीर कुठल्या दिशेनं गेली त्यावरून मोठा दाब कुठून येतोय ते कळतं."

"हे तर आमच्याकडं बोअरला पाणी लागावं म्हणून करतात!"

"तेच तंत्र. तुम्ही पाण्यासाठी भेग उघडता, आम्ही दिशेसाठी."

मग मिस्तरींनी अजिंठ्याचा विषय काढला. माणूस एकदा पोरांना घेऊन अजिंठा बघून आला की आयुष्यभर पुरेल एवढं बोलतो, तसे ते बोलले. "त्या लेण्यांना कोणी दाब मोजला होता? दीड हजार वर्सं उभी हायेत."

"उभी आहेत, कारण डोंगराच्या पोटात फार खोल गेलेली नाहीत आणि थर ओळखून कोरलेली आहेत. पण चौथ्या लेण्याचं काय झालं ते गाइडनं सांगितलं का? तो तिथला सगळ्यात मोठा विहार. कोरताना छताच्या खडकात दोष निघाला. तेव्हा कारागिरांनी आणखी वर कोरून छताची उंची वाढवली, खराब खडक काढून टाकला आणि वरच्या भागात छत नेलं. म्हणजे काय केलं? पोकळीचा आकार खडकाच्या थराप्रमाणे बदलला. आजचा बोगदेवाला याहून शहाणपणा करत नाही. सपाट छत म्हणजे तुळईच. तिची जाडी वरच्या सुट्या थरापर्यंत किती, यावर सगळं. चैत्यगृहाला कमान असते, तिथं भार कमानीतून उतरतो, ओढ कमी. विहाराला सपाट छत हवं असेल तर वर जाड, अखंड पाषाण हवा."

"मग ते लोक माझ्या बाजूचे झाले. दगड बघून काम केलं, आकडे बघून न्हाई."

"तुमच्याच बाजूचे," ती म्हणाली, "पण छत बदलावं लागलं, ते काम अर्ध्यावर गेल्यावर. आधी एक बोअर घेतला असता तर?"

याला मिस्तरींकडे उत्तर नव्हतं. त्यांनी तंबाखू मळली.

वाद पुढे सह्याद्रीत गेला. कोयनेचं पोफळीचं वीजघर डोंगराच्या पोटात कोरलेलं आहे. पुणे-मुंबई द्रुतगती महामार्गाच्या मिसिंग लिंकचे बोगदे वीस मीटरहून रुंद. ही सगळी कामं बसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणातच, आणि त्यातली बरीच डोकेदुखी दाब जास्त असल्याची नाही. बसाल्ट थंड होताना आक्रसतो, त्यात उभ्या चिरा पडतात, दऱ्यांच्या कडेला तर डोंगर एका बाजूनं मोकळाच असतो. अशा जागी आडवा दाब इतका कमी की चिरांना दाबून धरणारं कुणी नसतं. दोन-तीन चिरा एकमेकींना छेदून पाचर तयार झाली की ती स्वतःच्या वजनानं सुटून येते. खडकातला दाब नेहमी शत्रू नसतो. पुष्कळदा तोच छत आवळून धरतो. रॉकबोल्ट म्हणजे पोलादी सळया खडकात मारून आणि शॉटक्रीट म्हणजे काँक्रीट फवारून अभियंते जे करतात ते हेच, निसर्गानं न दिलेली आवळण बाहेरून देणं.

"म्हणजे आमच्या विहिरीला दाब कमी पडतो?" मिस्तरींनी विचारलं, थोडं थट्टेनं.

"खालच्या पाषाणात हो. वरच्या मातीत मात्र उलटी गोष्ट." आणि इथं भाची खुलली. परभणीची काळी माती ही याच बसाल्टची झीज होऊन झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेव्हा त्या मातीचा आडवा दाब जवळजवळ शून्य. भाद्रपदात तीच माती फुगून बाजूला इतकी रेटते की तो रेटा तिच्या वजनाहूनही जास्त होऊ शकतो. "पुस्तकात आडव्या-उभ्या दाबाचं प्रमाण एका जागेला एक आकडा म्हणून देतात. तुमच्या शिवारात ते प्रमाण दर ऋतूला बदलतं. आणि बांधकामाला हा ताण दरवर्षी सोसावा लागतो."

"म्हनूनच गोल विहीर टिकते, चौकोनी न्हाई. चौकोनीचा कोपरा आधी तडकतो."

"गोल कडं रेटा आपल्यातच फिरवतं, कोपऱ्यात तो साठतो. बरोबर."

सेलू तालुक्यातल्या वालूरची बारव दोघांनाही आठवली. गोल, आणि पायऱ्या चक्राकार उतरत जाणारी. ती तशी का बांधली याचं कारण सौंदर्य की हौस की धर्म, हे सांगणं अवघड. पण मातीचा रेटा सोसायला तो आकार उत्तम आहे हे दोघांनी मान्य केलं. दोघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

मग मिस्तरींनी स्वतःहूनच एक गोष्ट सांगितली आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. चांगल्या पावसाच्या वर्षी विहीर काठोकाठ भरते. कुणीतरी गाळ काढायला म्हणून मोठी मोटार लावून ती दिवसभरात एकदम उपसतो. आणि बांधकाम आत येतं. "भरलेली असताना काही होत न्हाई. रिकामी केली की पडते. कामून?" भाचीनं सांगितलं: भरलेली असताना आतलं पाणी भिंतीला आधार देतं. आतलं पाणी झटकन काढलं तरी मागच्या मातीतलं आणि मुरुमातलं पाणी तितक्या वेगानं उतरत नाही. ते मागून रेटतं, पुढून आधार गेलेला. शिवाय भेगांत भरलेलं पाणी दोन्ही बाजूंचा दगड दूर ढकलतं, आवळण सैल करतं. बोगद्यातही पाऊसकाळात जास्त पडझड होते ती बरीचशी यामुळेच.

दगडाच्या वजनाखेरीज दाब येतो कुठून, हा प्रश्न मिस्तरींनी शेवटी विचारला, आणि तो विचारताना आवाज बदलला. मराठवाड्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. १९९३ च्या अनंत चतुर्दशीची रात्र सरताना, ३० सप्टेंबरच्या पहाटे, भूकंपात किल्लारी गेली. पुढे तिथे ६१७ मीटर खोल बोअर घेतला तेव्हा बसाल्ट ३३८ मीटरवर संपला. त्याच्याखाली जुना नाइस खडक. कोयनेजवळ गोठणे इथे २०१७ मध्ये पूर्ण झालेल्या तीन किलोमीटर खोल बोअरमध्ये बसाल्टची जाडी १,२४७ मीटर भरली. म्हणजे आपण ज्याला धरती म्हणतो तो वरचा पापुद्रा. खालचा जुना खडक भारताच्या भूपट्टाच्या उत्तरेकडच्या ढकलीत आवळलेला आहे, त्यातल्या जुन्या भेगा कधीतरी सरकतात. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोलीत ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तो परभणी-नांदेडपर्यंत जाणवला. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावात तर जमिनीतून येणारे आवाज कितीतरी वर्षं लोक ऐकत आहेत.

"तो दाब आमच्या विहिरीला काही करील?"

"रोज नाही. तो खाली, कडक खडकात राहतो. वरचा पाषाण भेगाळलेला, त्यात साठत नाही. पण हलला तर सगळ्यात आधी सैल दगड येतो. म्हणून सैल दगड ठेवायचा नाही."

निकाल मी देतो, कारण दोघंही आपापली बाजू सोडायला तयार नव्हते. ताडकळसच्या चाळीस-पन्नास फुटांवर मिस्तरींचं खरं: इथे आकड्यांपेक्षा थर बोलतात आणि जो निव्वळ दगडाच्या ताकदीचं गणित करील तो तांबड्या थरापाशी फसेल. पण हा अनुभव इथल्या खोलीपुरता आहे. पाचशे फूट खाली, किंवा डोंगराच्या पोटात, किंवा डाइकच्या शेजारी तोच भरवसा ठेवला तर माणसं जातात. तिथे दाब मोजण्याला पर्याय नाही. आणि एक दोष मिस्तरींच्या पदरात टाकायलाच हवा: इतक्या विहिरी पाडल्या, पण कुठल्या विहिरीत तांबडा थर किती फुटांवर निघाला याची एक ओळ त्यांनी कुठे लिहून ठेवलेली नाही. ती सगळी माहिती त्यांच्या डोक्यात, आणि त्यांच्याबरोबर जाईल.

मालकानं शेवटी मिस्तरींचं ऐकलं. बांधकाम तांबड्या थराच्या खाली काळ्या पाषाणावर टेकवायचं ठरलं, मागचं पाणी सुटायला भिंतीत नळ्यांची भोकं ठेवून. भाचीनं पाषाणातल्या दोन सैल पाचरी खडूनं खुणावून दिल्या, त्या पहारीनं काढून टाकल्या.

तुम्ही यंदा विहीर पाडत असाल तर यारी लागल्या दिवसापासून एक वही ठेवा. किती फुटांवर माती संपली, मुरूम कुठे, मांजऱ्या कुठे, तांबडा थर किती जाड, पाणी कुठून फुटलं, सगळं लिहा, फोन खिशात असतोच, बांधकामाआधी थरांचे फोटो काढा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या माणसाला, पुढे आडवा बोअर मारणाऱ्याला, शेजारच्या शेतात विहीर पाडणाऱ्याला ती वही उपयोगी पडेल. आणि भर पावसाळ्यात भरलेली विहीर एका दिवसात उपसू नका. खाली माणूस उतरवायचा असेल तर मुळीच नका.